सरासरी 54, सबब अपात्र

मा. केंद्रीय सामाजिक न्याय व सक्षमीकरण मंत्री यांस,

अर्ज, स्मरणपत्रे, कानाच्या तपासणीचे आलेख, सगळे आपल्या खात्याकडे पोचले आहे. पोचपावत्या माझ्याजवळ आहेत. उत्तर नाही, म्हणून हे उघड पत्र.

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर मला सरकारी उपचारात महिनोन्महिने कनामायसिनची इंजेक्शने दिली गेली. क्षय बरा झाला, कान गेले. या औषधाने आतल्या कानातल्या केसपेशी मरतात आणि पुन्हा तयार होत नाहीत. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते शिफारशीतून काढले. आधीच घेऊन बसलेल्यांचे काय?

2016 चा दिव्यांग हक्क कायदा म्हणतो, दिव्यांग ठरायला दोन्ही कानांची श्रवणहानी किमान 60 डेसिबल हवी. माझी सरासरी 54. साधे बोलणेच साधारण 60 डेसिबलचे असते, मग माझ्यापर्यंत पोचते किती? शिवाय ही सरासरीच फसवी आहे. या औषधाने आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. खालच्या पट्टीत मला बऱ्यापैकी ऐकू येते, वर जवळपास काहीच नाही. सरासरी काढली की आकडा खाली येतो. भाजीवाली ‘साठ’ म्हणते, मला ‘आठ’ ऐकू येते. 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला नाही, म्हणून दिव्यांगांना साधने देणाऱ्या आपल्या ‘ॲडिप’ योजनेतले ऐकण्याचे मशीन नाही. हा अन्याय आहे, आणि तो आपल्या खात्याला लेखी कळवलेला आहे.

दोन्ही कानांची मशीन मी कर्ज काढून घेतली, 62,000 रुपयांना. मशीन घातले की ऐकू आले, असे होत नसते. सुरुवातीला कुकरची शिट्टी डोक्यात घुसायची, स्वतःचाच आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमायचा. मेंदूला सवय व्हायला महिने जातात, ऑडिओलॉजिस्टकडून सेटिंग पुन्हा पुन्हा करून घ्यावे लागते. पावसाळ्यात तर रोज रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत. हे ज्यांना परवडत नाही त्यांची मशीन कपाटात पडतात आणि माणसे घरात गप्प होतात.

जागतिक आरोग्य संघटना चांगल्या कानाची हानी 35 डेसिबलच्या पुढे गेली की ती अपंगत्व आणणारी मानते. आपण आणखी 25 डेसिबल बहिरे होण्याची वाट पाहता.

सरकारी औषधाने ज्यांचे कान गेले, त्यांना सरासरी न पाहता मशीन द्या, सेटिंगचा खर्च द्या. आणि कायद्यातली 60 ची अट बदला. उत्तर लेखी द्यावे. फोनवर मला ऐकू येत नाही.