इंग्लंडच्या आधी शेजारची गल्ली

देहूरोडच्या एका भगिनींचे पत्र आले आहे. मुलगी एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजकडून सहा आठवडे इंग्लंडला फील्डवर्कसाठी जाण्याची संधी आहे. हलाल जेवण मिळेल का, नमाजला जागा असेल का, एकटी कशी राहील, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. तिन्ही रास्त. मोठ्या शहरांत पहिल्या दोन्हींची सोय होते. राहण्याचा पत्ता मात्र आधीच लेखी घ्या.

मला चौथा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: ती तिथे नेमके काय करणार? इंग्लंडमध्ये २००५ पासून नोंदणीशिवाय कुणालाही स्वतःला सोशल वर्कर म्हणवता येत नाही. त्यामुळे आपली मुलगी बहुधा बाजूला बसून पाहील, ऐकेल. इथे वस्तीत ती हक्काने घरात शिरते, चहा घेते, बाळाला उचलते, अहवालासाठी फोटोही काढते. तिथे परवानगीशिवाय यातले काही चालणार नाही. (खरे तर इथेही चालू नये.) हे आधी कुणी सांगितले नाही, तर हुशार मुलगीही आठवड्याभरात हिरमुसते.

भगिनींनो, क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने मुंबईत नागपाड्याच्या मोहल्ल्यात नेबरहूड हाऊस सुरू केले. १९३६ साली तिथेच टाटांची समाजकार्याची शाळा, म्हणजे आजची ‘टिस’, सुरू झाली आणि तो तिचा पहिला संचालक झाला. नागपाड्यातल्या आयाबायांनी या गोऱ्या साहेबाला पहिल्यांदा दारात पाहिले तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल? मुलीला हा प्रश्न जरूर विचारा. उद्या त्या दारात ती उभी असेल.

याची तालीम देहूरोडलाच होऊ शकते. लष्करी डेपोमुळे इथे कितीतरी प्रांतांची माणसे स्थिरावली. १९५४ साली बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली तो विहारही इथलाच. जाण्याआधी दोन महिने तिने आपली बोली नसलेल्या, आपली जमात नसलेल्या गल्लीत काम करावे. सल्ला न देता ऐकावे आणि ऐकलेले घरी येऊन अम्मीलाही सांगू नये! ओळखीच्या मोहल्ल्यात ही सवय लागत नाही.

आता अब्बांचे काम. कॉलेजला लेखी विचारा: तिथे पर्यवेक्षक कोण, अडचणीत रात्री फोन कुणाला करायचा, विमा कोण काढणार, कोणत्या व्हिसावर पाठवताय आणि त्यावर असे काम चालते का? उत्तर कागदावर आल्याशिवाय तिकिटाचे पैसे भरू नका.