गळ्याचं ऑपरेशन झालं, हृदयाकडे कोण बघणार?



आमच्या वस्तीतली एक ताई. वर्षानुवर्षं हाडं दुखायची, दोनदा मुतखडा झाला, अंगात त्राण नसायचं. "चार घरची धुणीभांडी केल्यावर बाईचं अंग दुखणारच," असं घरचे म्हणायचे. खरं सांगायचं तर दवाखान्यातलेही तेच म्हणायचे. मोरीत पाय घसरून मांडीचं हाड मोडलं, तेव्हा कुठे एका डॉक्टरांनी रक्तातलं कॅल्शियम तपासलं. ते चढलेलं निघालं.

गळ्यात थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या साधारण ४ ग्रंथी असतात, त्यांना पॅराथायरॉईड म्हणतात. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्यांचं काम. त्यातली एखादी वाढली की ती हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात सोडत राहते. हाडं ठिसूळ होतात, मूत्रपिंडात खडे होतात. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होऊ शकते, ठोक्यांची लय बिघडू शकते. वाढलेली ग्रंथी काढणं हाच पक्का उपाय.

मग ऑपरेशननंतर हृदय सुधारतं का? काहींची जाड झालेली भिंत काही महिन्यांत कमी होते, काहींची होत नाही. रक्तदाब उतरेलच असंही नाही. म्हणून "ऑपरेशन झालं, आता बीपीची गोळी बंद" हे स्वतःच्या मनाने करू नका.

पण आमचा मुद्दा पहिल्या आठवड्याचा आहे. वर्षानुवर्षं लुटली गेलेली हाडं ऑपरेशन होताच रक्तातलं कॅल्शियम परत खेचून घेऊ लागतात. डॉक्टर याला हाडांची भूक म्हणतात. कॅल्शियम सर्वांत खाली जातं ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. आणि पेशंटला घरी पाठवतात बऱ्याचदा दुसऱ्याच दिवशी! म्हणजे धोक्याची रात्र वॉर्डात नाही, पत्र्याच्या खोलीत येते. कॅल्शियम फार उतरलं तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, हृदयाची ताकदही कमी पडू शकते. ज्यांची हाडं आधीच जास्त झिजलेली, ज्यांच्या अंगात ड जीवनसत्त्व कमी, त्यांना हा त्रास जास्त. असे पेशंट कुठे जास्त असतात, ते वेगळं सांगायला नको.

ताईच्या ओठांभोवती तिसऱ्या रात्री मुंग्या आल्या, मग हाताची बोटं आखडून वाकडी झाली. शेजारीण लिंबू-मिरची घेऊन आली. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेलं घर ते! दुसऱ्याने सुचवलं, नाक्यावरून कॅल्शियमचं इंजेक्शन मारून घ्या. हेही तितकंच वाईट, कारण शिरेतून कॅल्शियम भरभर दिलं तर हृदय थांबू शकतं. ते ईसीजी बघत, सावकाश, हॉस्पिटलातच द्यायचं असतं. अकरावीतल्या लेकीने हट्टाने रिक्षा आणली म्हणून ताई वेळेत पोहोचली. डिस्चार्जच्या कागदावर कॅल्शियमच्या गोळ्या दिवसातून ३ वेळा लिहिल्या होत्या. इंग्रजीत. घरच्यांना वाटलं, ताकदीच्या गोळ्या आहेत, जमेल तेव्हा घेऊ.

आम्ही वॉर्डात असताना असे कागद रोज हातात दिले आहेत. समजावून सांगायला वेळ नसायचा, हे कबूल करतो. पण ३० खाटांना एक सिस्टर ठेवायची आणि मग पेशंटला अडाणी म्हणायचं, हे चालणार नाही. कागद मराठीत हवा. कॅल्शियम कोणत्या तारखेला पुन्हा तपासायचं ते त्यावर लिहिलेलं हवं, रात्री त्रास झाला तर कुठे यायचं तेही. घरी सोडण्याआधी कॅल्शियम आणि ईसीजी झाला का, हे विचारायला लाजू नका. योजनेत काय बसतं ते आरोग्यमित्राला विचारा. लोहाची किंवा थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती कॅल्शियमसोबत घेऊ नका, किती तासांचं अंतर ठेवायचं ते विचारून घ्या.

रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात थांबतो. डिस्चार्जचा कागद, गोळ्यांची पाकिटं आणि जुना ईसीजी असेल तर तोही घेऊन या. वाचून, मराठीत लिहून देऊ.