अनोळखी मूल्याचे काय करावे?

टपालाची विभागणी करणारा कर्मचारी पाकिटावरील पिनकोडाचा पहिला अंक पाहतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या पद्धतीत १ ते ८ हे अंक देशातील निरनिराळ्या प्रदेशांचे असून ९ हा सैनिकी टपालाचा आहे. एखाद्या पाकिटावर पहिला अंक ० आढळला, तर तो थबकतो. कारण तसा विभागच नाही. हे काम संगणकाकडे सोपविल्यास काय होईल?

अशा निवडीसाठी आज्ञावलीत ‘स्विच’ हे विधान योजतात. दिलेले मूल्य ज्या पर्यायाशी जुळते, त्याच्या आज्ञा अमलात येतात. काहीच न जुळल्यास ‘डिफॉल्ट’ शाखेकडे वळावयाचे असते. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडविलेल्या सी भाषेत ही शाखा ऐच्छिक आहे. ती नसेल, तर संगणक मुकाट्याने पुढील विधानाकडे जातो. पत्र कोणत्याही पिशवीत पडत नाही आणि कोणास त्याची वार्ताही लागत नाही.

म्हणून काही जण डिफॉल्ट शाखा लिहितात खरी. परंतु ‘१ ते ८ नाही, त्या अर्थी ९ च’ असे गृहीत धरून तेथे सैनिकी टपालाची आज्ञा घालतात. रोगापेक्षा इलाज भयंकर, तो हाच! आता ० अंकाचे पत्र बिनदिक्कत सैन्याकडे रवाना होते.

आमच्या मते येथे दोन नियम पाळावेत. मूल्य बाहेरून येत असेल, तर डिफॉल्ट शाखेने ते नाकारावे आणि चुकीची नोंद करावी. याउलट, पर्यायांची यादी आज्ञावलीतच निश्चित केलेली असेल, तर प्रत्येक पर्याय स्वतंत्रपणे लिहावा आणि काही सुटले आहे काय, हे तपासण्याचे काम भाषांतरक आज्ञावलीकडे, म्हणजे कंपायलरकडे, सोपवावे. १९८३ मध्ये प्रमाणित झालेल्या अ‍ॅडा भाषेत प्रत्येक मूल्याची व्यवस्था लावणे सक्तीचे आहे. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या रस्ट भाषेतील ‘मॅच’ या रचनेचाही तोच दंडक आहे. उद्या यादीत नवा पर्याय आला, तर कंपायलर राहून गेलेली प्रत्येक जागा दाखवून देतो. सर्वसमावेशक डिफॉल्ट शाखा घातल्यास हा पहारेकरी झोपी जातो.

यात लेखनाचे श्रम वाढतात, हा आक्षेप खरा आहे. तथापि चार ओळी अधिक लिहिणे हे हरवलेले पत्र शोधीत बसण्यापेक्षा खचित सोपे होय. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे सांगण्याची शिस्त विद्यार्थ्याने आपल्या आज्ञावलीसही लावावी.