वेदनेची पावती

मराठवाड्यातल्या लेखकाला परिसंवादात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘तुमच्या लेखनामागची वेदना कोणती?’ उत्तरात दुष्काळ, कर्ज, निजामी राजवट यांपैकी काही आले की विचारणारा समाधान पावतो. लिहिताना सुख झाले, असे कोणी म्हटले तर श्रोते अवघडतात. आम्हाला हा प्रश्नच मान्य नाही. दुःख खोटे आहे म्हणून नव्हे. दुःख साऱ्या गावाला असते आणि लिहितो त्यातला एखादाच, याचा उलगडा त्याने होत नाही म्हणून.

आमच्या जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईंचेच पाहा. नामदेवांच्या घरची दासी, दळणकांडणाचे कष्ट, ते विसरावेत म्हणून अभंग, असे स्पष्टीकरण उत्तरपत्रिकांतून आम्ही दरवर्षी वाचतो. पण जाते तर घरोघरी होते! लहान अभंगात सुमारे आठ-आठ अक्षरांचे दोन चरण यमकाने जुळवावे लागतात. शब्द बसेपर्यंत तो फिरवून पाहायचा, आणि बसला की होणारा आनंद हा कष्टाच्या विसरापेक्षा अगदी निराळा असतो. विठ्ठलाला दळू लागायला बसवावे, त्याला आईच्या नात्याने हाक मारावी, प्रसंगी त्याच्याशी कडाकडा भांडावे, हे जिला सुचले तिला ते सुचण्यात रस वाटत होता, हे उघड आहे. दासीपणात तिच्या स्वतःच्या मालकीची म्हणावी अशी बहुधा हीच एक जागा. तीही आपण व्यथेच्या खात्यावर जमा करून मोकळे होतो.

बी. रघुनाथांची गोष्ट आणखी अलीकडची. निजामी राज्यात बांधकाम खात्यात कारकुनी करणारा हा लेखक 1953 साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी गेला. राज्याचा कारभार उर्दूत. मराठी लेखनाने कारकुनाची बढती होण्याचा संभव नव्हता. पुण्या-मुंबईचे वाङ्मयीन दरबार दूर. तरीही ‘ओ’, ‘म्हणे लढाई संपली’, ‘आडगावचे चौधरी’ या कादंबऱ्या, शिवाय कथा आणि कविता एवढे त्यांनी लिहिले. परिस्थितीचा जाच हे याचे कारण म्हणावे, तर त्या जाचाने कचेरीतले बाकीचे कारकून कादंबरीकार का झाले नाहीत? ज्याला रोज ठरावीक मायन्याचे कागद लिहावे लागतात, त्याला स्वतःच्या मर्जीचे वाक्य लिहिण्याची चैन किती हवीहवीशी वाटत असेल, याची कल्पना आम्हाला करता येते.

एम. ए. च्या वर्गात आम्ही मम्मटाची सहा काव्यप्रयोजने शिकवतो. यश, अर्थ, व्यवहारज्ञान, अशुभाचे निवारण, तत्काळ लाभणारा परमानंद आणि कांतेच्या गोडीने केलेला उपदेश. यांतला परमानंद सहसा रसिकाच्या पदरात टाकला जातो. लेखकाच्या वाट्याला यश आणि अर्थ. (परभणीत त्यातला दुसरा कितपत मिळतो, हे विचारू नये.) फडके-खांडेकरांच्या नावाने शिकवला जाणारा वादही अखेर कला कशासाठी याचाच, लिहिण्याच्या त्या तासात काय घडते, याचा नव्हे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीने तर प्राध्यापकांसाठी सातवे प्रयोजन आणले : गुण. शोधनिबंधांचे उदंड पीक आले. प्रयोजन अगदी पक्के, लेखन मात्र निष्प्राण. लिहिताना लेखकाला मजा आली नाही आणि वाचताना कोणाला येण्याचा प्रश्नच नाही. नुसत्या हेतूने लेखन होत नसते, याचा याहून मोठा पुरावा आम्हाला ठाऊक नाही.

पण प्राध्यापकांचे जाऊ द्या, आम्हाला चिंता मुलांची आहे. कविता दाखवायला येणारी मुले हल्ली आधी दुःख निवडतात, मग ओळी जुळवतात. शेवग्याच्या झाडावरची चार सुरेख कडवी वहीत तशीच राहतात आणि आत्महत्येवरची उसनी कविता पुढे केली जाते, कारण संमेलनात तीच टाळ्या घेते. आम्ही ती परत करतो आणि वही मागतो.