अपस्मार आणि मेंदूंतील रसायनें

घरांत कोणास झटका आला कीं सुशिक्षित कुटुंबांतहि कोणीतरी कांदा फोडावयास धांवतें, कोणी जोडा हुंगवितें. आणि मागाहून, ‘बाहेर बोलूं नका, मुलीचें लग्न व्हावयाचें आहे,’ अशी कुजबूज होते. या भीतीचें मूळ अज्ञानांत आहे, म्हणून आज आम्ही याच विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

भामरागडच्या अरण्यांत हेमलकसा येथें १९७३ सालीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हां तो मुलूख चंद्रपूर जिल्ह्यांत होता. गडचिरोली जिल्हा १९८२ सालीं वेगळा झाला. माडिया लोक प्रथम डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांजजवळ येण्यास कचरत. पुढें अपस्माराचा, भयंकर भाजलेला एक मुलगा बरा झाला. मेंदूच्या हिवतापानें मरणोन्मुख झालेला एक मनुष्य वांचला. आणि लोकांचा विश्वास बसला.

या दोन रोग्यांची व्याधि भिन्न. पण दोहोंतहि झटके येतात. तें कसें? मेंदूंतील पेशी एकमेकींशीं रसायनांच्या द्वारें बोलतात. ग्लुटामेट हें चेतविणारें, गाबा हें आवरणारें. नवल हें कीं, गाबा तयार होतें तें ग्लुटामेटपासूनच, आणि त्या कामीं ‘ब-६’ जीवनसत्त्व लागतें. हा तोल ढळला म्हणजे असंख्य पेशी एकदम चेततात; तोच झटका. झटका चालू असतां ॲडिनोसिन नांवाचें द्रव्य सांचतें व तो थांबविण्यास साह्य करतें. हिवतापांत जंतूंनीं ग्रासलेल्या रक्तपेशी मेंदूच्या बारीक वाहिन्यांस चिकटतात, आणि धडधाकट माणसालाहि झटके येतात. तात्पर्य, झटक्याचा संभव प्रत्येक मेंदूंत आहे. कोणाचा उंबरठा उंच, कोणाचा ठेंगणा, एवढाच भेद.

प्रोजेस्टेरॉनपासून बनणारें एक द्रव्य गाबाचा हात बळकट करतें. पाळीच्या सुमारास तें घटतें, म्हणून कित्येक स्त्रियांस त्याच दिवसांत झटके अधिक येतात. यांत ना कोप, ना बाधा. जागरणानेंहि झटका ओढवतो. तेव्हां अशा सुनेस मंगळागौर जागविण्याचा आग्रह धरूं नये.

फेनोबार्बिटल हें स्वस्त औषध १९१२ पासून वापरांत आहे. तें गाबाचेंच काम वाढवितें. मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून कोणतेंहि औषध एकाएकीं बंद करणें घातक होय. झटका आल्यास रोग्यास कुशीवर वळवावें, तोंडांत कांहीं घालूं नये, आणि पांच मिनिटांत न थांबल्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

हिंदु विवाह कायद्यांतील अपस्माराची अडचण १९९९ सालीं दूर झाली. आमच्या मनांतील अद्यापि उरली आहे. अरण्यांतील माडियांना जें डोळ्यांनीं पाहून पटलें, तें ग्रंथ वाचणाऱ्या आमच्या घरांना पटूं नये काय?