जाहीरनामा आणि जमाखर्च

ठाणे महानगरपालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक उरकली पाहिजे असा राज्यघटनेचा दंडक आहे. तथापि प्रभागरचना व आरक्षण यांच्या वादात ती अडकून पडली, आणि शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयास आज्ञा द्यावी लागली. मधल्या जवळजवळ चार वर्षांत कर लोकांनी भरला, खर्च प्रशासकाने मंजूर केला आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार असलेला एकही लोकनियुक्त सभासद सभागृहात नव्हता. एवढ्या खंडानंतर जे सभागृह बसते, त्याच्या अंगी पहिल्याच वर्षात ज्या सवयी लागतील त्याच पुढे पाच वर्षे टिकतील. म्हणूनच नगरसेवकाने कोणत्या कामास अग्रस्थान द्यावे, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहो.

मते मागताना दिलेली आश्वासने बहुधा एकाच साच्यातली असतात : वाहतुकीची कोंडी फोडू, मेट्रो लवकर आणू, कर माफ करू. उदाहरणादाखल माजिवड्याचाच नाका घ्या. मुंबई-नाशिक महामार्ग आणि घोडबंदर रस्ता येथे मिळतात. डोक्यावरून वडाळा-कासारवडवली मेट्रोचा मार्ग जातो. महामार्गाचा कारभार एका यंत्रणेकडे, मेट्रोचा मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, आणि वाहतूक नियमनाचा राज्य सरकारच्या पोलिसांकडे. यांपैकी एकही गोष्ट नगरसेवकाच्या हुकमतीत नाही. जी वस्तू आपल्या मालकीची नाही तिचे दान करण्यास उदारपणा लागत नाही. आणि ते न मिळाल्यास दोष दुसऱ्यावर ढकलण्याची सोयही आयतीच असते.

कोणी म्हणेल, नाक्यावर तासन्‌तास अडकून पडणाऱ्या माणसास अधिकारांच्या या वाटण्या सांगून काय उपयोग? त्याला कोंडीच छळते. हा आक्षेप रास्त आहे. नगरसेवकाने त्या प्रश्नाकडे पाठ फिरवावी असे आमचे म्हणणे मुळीच नाही. संबंधित खात्यास त्याने लेखी विचारावे आणि आलेले उत्तर, किंवा उत्तर न आल्याची गोष्ट, प्रभागात जाहीर करावी. परंतु परक्या कामाचा पाठपुरावा वेगळा आणि स्वतःचे कर्तव्य वेगळे. पहिल्याच्या गलबल्यात दुसरे बुडू नये, एवढेच आम्ही सांगतो.

हे स्वतःचे कर्तव्य कोणते, ते १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात स्वच्छ लिहिलेले आहे. रस्त्यांची झाडलोट, गटारे, दिवाबत्ती, पाणीपुरवठा, प्राथमिक शाळा, दवाखाने ही पालिकेची बंधनकारक कामे होत. मात्र त्यांच्या अंमलबजावणीची सत्ता त्याच कायद्याने आयुक्तांस दिली आहे. नगरसेवकाच्या हाती असलेली खरी शस्त्रे दोनच : सभागृहातील प्रश्न आणि अंदाजपत्रकावरील मत. आयुक्तांचे अंदाजपत्रक प्रथम सोळा सभासदांच्या स्थायी समितीपुढे आणि नंतर सर्वसाधारण सभेपुढे येते. जो सभासद ते न वाचताच हात वर करतो, त्याने आपली दोन्ही शस्त्रे आपणच खाली ठेवली असे समजावे.

जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते, आणि तेही सरकारनियुक्त. तरीही व्हाइसरॉयच्या स्वागतावर पालिकेचा पैसा उधळण्यास त्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असे त्यांचे म्हणणे होते. अग्रक्रम म्हणजे काय, ते यावरून कळते. भाषणात कोणत्या कामाचे नाव आधी घेतले यावरून तो ठरत नाही. पैसा कोठे जाऊ दिला आणि कोठे अडविला, यावरून ठरतो. आज स्वागताच्या मंडपांची जागा कमानींनी, नामफलकांनी आणि सुशोभनाच्या कामांनी घेतली आहे. त्यांवर खर्च सुचविणाऱ्या प्रत्येकास आधी विचारावे : प्रभागातील गटारे पावसाळ्यापूर्वी उपसली गेली काय? शाळेत शिक्षक पुरेसे आहेत काय? दवाखान्यात औषध मिळते काय?

पाण्याची गोष्ट तर याहून निकडीची आहे. २००१ साली सुमारे साडेबारा लाख असलेली या शहराची वस्ती २०११ च्या शिरगणतीत १८ लाखांवर गेली. तरी शहराच्या मालकीचे धरण नाही. स्वतःची पाणीयोजना असली तरी स्टेम प्राधिकरण, औद्योगिक विकास महामंडळ आणि मुंबई महानगरपालिका यांच्याकडूनही पाणी घ्यावे लागते. अशा स्थितीत नवा जलस्रोत आणण्याची घोषणा करण्यापूर्वी, आहे ते पाणी कोणत्या वस्तीस किती वेळ मिळते याचे पत्रक नगरसेवकाने दर महिन्यास मागवून प्रसिद्ध करावे. गावठाणातील नळ आणि उंच इमारतीची टाकी यांना एकच न्याय मिळतो की नाही, ते त्यावरून सहज दिसेल.

आणखी एक अडचण रचनेचीच आहे. १३१ सभासदांसाठी ३३ प्रभाग, म्हणजे एक प्रभाग सोडला तर प्रत्येकात चौघे. मतदार तक्रार घेऊन गेला की पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवितो आणि दुसरा तिसऱ्याकडे. यालाच आपल्याकडे बारभाईंचा कारभार म्हणतात. यावर उपाय साधा आहे. पक्ष कोणताही असो, चौघांनी मिळून दर तीन महिन्यांनी प्रभागाचा एकच जमाखर्च काढावा. मंजूर रक्कम किती, झालेला खर्च किती, कंत्राट कोणास आणि काम कोठवर आले, एवढ्या चार गोष्टी त्यात पुरेत. हे पत्रक प्रभाग समितीच्या कचेरीबाहेर चिकटवावे आणि नागरिकांच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवावे. अशा क्षेत्रसभांची तरतूद महाराष्ट्राने २००९ साली कायद्यात केलेली आहे. ती कागदावरून मैदानात आणण्यास फार मोठा निधी लागत नाही. लागते ती हिशेब देण्याची तयारी.

१८८२ साली लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, तेव्हा या संस्थांतून लोकांस राजकीय शिक्षण मिळावे हा हेतू त्यात सांगितला होता. शिक्षण एकट्या सभासदाने घ्यावयाचे नसते. मतदारासही धडा गिरवावा लागतो. वर्षाचा नवा हिशेब १ एप्रिलला सुरू होतो. माजिवड्याच्या नागरिकांनी दर वर्षी त्या सुमारास आपल्या चौघा सभासदांस एकत्र बोलवावे आणि अंदाजपत्रकातील आपल्या प्रभागाचे पान उघडून दाखविण्यास सांगावे. ते पान ज्याला सापडणार नाही, त्याचा जाहीरनामा कितीही गोड असला तरी पुढील निवडणुकीत तो पुन्हा वाचण्याचे कारण नाही.