साखर मोजली, पण पाय तपासले का?

भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, असा अंदाज आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने २०२३ मध्ये मांडला. २० फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२५ या काळात केंद्र सरकारने ३० वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी मधुमेह, उच्च रक्तदाब आणि काही कर्करोगांच्या तपासणीची विशेष मोहीमही राबवली. हे स्वागतार्हच आहे. पण मधुमेहाचे निदान झाल्यावर पायांची तपासणीही व्हायला हवी, आणि तीच अनेकदा राहून जाते.

साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पायांतील मज्जातंतूंना इजा होते. आधी मुंग्या येतात, रात्री तळपाय जळजळतात. नंतर बधिरपणा येतो. जळजळ आपोआप थांबली की अनेकांना बरे वाटल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तंतू अधिक खराब झाल्यानेही असे होऊ शकते. मग चप्पल चावली, खडा टोचला, तरी कळत नाही. त्यातच पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असेल आणि साखर जास्त असेल, तर जखम लवकर भरत नाही व जंतुसंसर्ग खोलवर जातो. म्हणूनच ‘दुखत नाही, म्हणजे जखम किरकोळ आहे’ हा समज घातक ठरतो.

या तपासणीला महागडे यंत्र लागत नाही. मोनोफिलामेंट नावाचा नायलॉनचा बारीक धागा तळपायाला टेकवून स्पर्श कळतो का ते पाहतात आणि पायाची नाडी तपासतात. काही मिनिटांचे काम आहे. टाइप २ मधुमेहात निदान झाल्यापासून दरवर्षी एकदा ही तपासणी करून घ्यावी.

घरी काय कराल?

• रोज तळपाय व बोटांच्या बेचक्या पाहा. दिसत नसल्यास आरसा घ्या किंवा घरच्यांना पाहायला सांगा.
• घरातही अनवाणी चालू नका. वारी किंवा प्रदक्षिणा अनवाणी करण्याआधी डॉक्टरांशी बोला.
• पाय शेकू नका. कुरूप ब्लेडने कापू नका.
• जखम, फोड, लाली, सूज किंवा काळसरपणा दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत ताप असेल तर थेट रुग्णालय गाठा.

पुढच्या भेटीत रक्ताचा रिपोर्ट दाखवाच. पण चप्पल-मोजे काढून ‘डॉक्टर, पायही पाहा’ असे आवर्जून सांगा.